49 टक्क्यांवर दोनदा, बाकी कुठेही: सप्ताहाच्या चित्रफितीचं रेंडर का बंद पडत होतं

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावात एक गृहस्थ वीसेक वर्षं लग्नाच्या शूटिंगची कामं घेतात. नाव आणि गाव सांगत नाही. मी त्यांना लहानपणापासून अण्णा म्हणतो, इथेही तेच म्हणेन. मिक्सिंग ते घरीच करतात, माजघराला लागून असलेल्या खोलीत. माझं पोट पुण्यात एडिटिंगवरच चालतं, त्यामुळे मशीन अडलं की त्यांचा फोन मला येतो.

मशीन 2020 साली जुळवलेलं. सहा कोरचा रायझन 5 3600, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक मिळून 16 जीबी रॅम, 4 जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोजसाठी एक एसएसडी आणि फुटेजसाठी 2 टीबीची हार्ड डिस्क. यंदा जानेवारीत त्यांनी आणखी दोन स्टिक बसवून रॅम 32 जीबी केली. नव्या स्टिक दुसऱ्या कंपनीच्या होत्या, पण पाकिटावर वेग तोच, 3200. त्यानंतरचे तीन महिने लग्नाचे पाच-दहा मिनिटांचे हायलाइट्स बिनघोर निघत होते.

चैत्रात गावात अखंड हरिनाम सप्ताह झाला. हनुमान जयंतीला काला. आदल्या रात्रीचा दीपोत्सव, पहाटेची दिंडी, काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद अशी 3 तास 40 मिनिटांची एकच फिल्म करून ती अक्षय तृतीयेला मंदिराच्या सभामंडपात दाखवायची, असं ठरलं होतं. चैत्र पौर्णिमेपासून वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अठरा दिवस. पहिले नऊ दिवस कापाकापीत गेले. दहाव्या रात्री अण्णा रेंडर, म्हणजे जुळवलेल्या क्लिपमधून एकसंध फाइल काढायचं काम, लावून झोपले.

काय बिघडलं

सकाळी स्क्रीनवर विंडोजचं लॉगिन होतं. मशीन रात्रीत कधीतरी स्वतःहून रीस्टार्ट झालं होतं आणि फाइल अर्धवट होती. झोपण्याआधी त्यांनी शेवटचा आकडा 64 टक्के पाहिला होता.

तालुक्याच्या दुकानात त्यांना जे सांगितलं, ते आपल्याकडे कुठल्याही दुकानात सांगतात: फॉरमॅट मारून घ्या. त्यात दीड दिवस गेला. विंडोज नवं, सॉफ्टवेअर नवं, प्लगइन पुन्हा शोधून टाकलेले. त्याच वेळात मंदिराच्या ट्रस्टच्या मंडळींनी कच्ची फिल्म पाहून सांगितलं, की दीपोत्सवाच्या क्लिपमध्ये फार दाणे दिसतात. म्हणून अण्णांनी त्या क्लिपवर डिनॉइजचा इफेक्ट टाकला. पुन्हा रेंडर, आणि 22 टक्क्यांवर मशीन पुन्हा रीस्टार्ट.

या वेळी दुकानातल्या मुलाने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडून दाखवला. त्यात लाल खुणेची नोंद होती: कर्नल-पॉवर, क्रमांक 41. नावातच पॉवर आहे, म्हणजे एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) गेला, असं तो म्हणाला. साडेतीन हजारांचा नवा एसएमपीएस बसला. त्या रात्री रेंडर 49 टक्क्यांपर्यंत गेलं. या खेपेला मशीन चालूच राहिलं, फक्त सॉफ्टवेअरने ग्राफिक्सची मेमरी भरल्याचा संदेश देऊन काम सोडून दिलं.

सहा दिवस उरले असताना अण्णांचा फोन आला. "अरे, दर वेळी नवंच काहीतरी होतंय. नवीन मशीन घेऊ का? हप्त्याने मिळतंय."

समोर असलेले पर्याय

फोनवर आम्ही चार वाटा मोजल्या. नवं मशीन घ्यायचं: साठ-सत्तर हजारांचा खर्च, आणि दोष प्रोजेक्टमध्येच असेल तर तो नव्या मशीनवरही सोबत येणार. फिल्म माझ्याकडे पुण्याला पाठवायची: फुटेज 600 जीबीच्या वर, त्यांच्या नेटवरून ते सहा दिवसांत चढणं अशक्य, आणि डिस्क घेऊन कुणी यायचं तर त्यांच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती माझ्याकडे नव्हती. फिल्मचे तुकडे पाडून रेंडर करायचे आणि नंतर जोडायचे. किंवा मूळ दोष शोधायचा.

मी दोष शोधायला निघालो. हा निर्णय चुकला. दोष कुठलाही निघाला असता तरी तुकड्यांचा मार्ग चालणारच होता. तो त्याच दिवशी धरला असता, तर अक्षय तृतीयेची टांगती तलवार उतरली असती आणि पुढची तपासणी शांतपणे करता आली असती. मुदत सांभाळणं हे एक काम आणि निदान हे दुसरं. मी दोन्ही एकाच दोरीला बांधली.

पहिला अंदाज: उष्णता

एप्रिल संपत आलेला, दुपारी बाहेर चाळिशीच्या वर पारा, खोलीत कूलर. लांब रेंडरमध्ये प्रोसेसर तासन्‌तास पूर्ण भाराखाली राहतो. उष्णतेवर संशय घेणं स्वाभाविक होतं आणि मी तो घेतला. संध्याकाळच्या गाडीने गावी पोचलो. कॅबिनेटचं झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत धुळीचा राखाडी थर बसलेला, नखाने खरवडला तर सालीसारखा निघेल असा. ब्लोअर मारला, थर्मल पेस्ट बदलली. भाराखालचं तापमान 92 अंशांवरून 77 वर आलं. या प्रोसेसरची मर्यादा 95 अंशांची आहे, म्हणजे 92 वर तो मर्यादेच्या अगदी जवळ होता, पण आत होता.

मग झाकण उघडंच ठेवून शेजारी टेबलफॅन लावला आणि रेंडर सुरू केलं. ही चाचणी फुकटची आहे आणि उत्तर स्वच्छ देते: उष्णतेचा दोष असेल तर रेंडर पुढे जाईल, नसेल तर तसंच पडेल. 36 टक्क्यांवर आमच्या डोळ्यांदेखत निळा स्क्रीन आला. त्यावर मेमरी मॅनेजमेंट असे शब्द होते, आणि आम्ही नीट वाचेपर्यंत मशीन आपोआप रीस्टार्ट झालं.

इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं, की आधीची दोन रीस्टार्टही निळे स्क्रीनच असणार. निळ्या स्क्रीननंतर आपोआप रीस्टार्ट व्हायचं, हे विंडोजचं मूळचंच सेटिंग असतं. रात्री माणूस झोपलेला, सकाळी दिसतं ते फक्त लॉगिन.

वहीचं पान

अण्णांच्या टेबलावर लग्नाच्या ऑर्डरी लिहायची दोनशे पानी वही असते. तिच्या मागच्या पानावर मी तीन रकाने आखले: कुठे थांबलं, कसं थांबलं, त्याआधी काय बदललं होतं. आठवणीतल्या तीन खेपा, आमच्यासमोरची चौथी, आणि त्याच रात्री लावलेली पाचवी. पान असं दिसत होतं:

64 टक्के, रीस्टार्ट, काही बदल नाही.
22 टक्के, रीस्टार्ट, फॉरमॅट झालेला, दीपोत्सवावर डिनॉइज टाकलेला.
49 टक्के, मेमरी भरल्याचा संदेश, एसएमपीएस नवा.
36 टक्के, निळा स्क्रीन, साफसफाई आणि पेस्ट.
49 टक्के, पुन्हा तोच संदेश, काही बदल नाही.

तीन दिवस ज्याला आम्ही एक आजार समजत होतो, ते दोन होते. 49 टक्के दोनदा, एकाच शब्दांत. बाकीच्या तीन खेपा कुठेही, आणि तिन्हींत मशीनच खाली बसलेलं.

असं रेंडर पडतं तेव्हा मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: दर वेळी त्याच जागी पडतं का? त्याच जागी पडत असेल तर कारण टाइमलाइनवर (क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीवर) त्या जागी ठेवलेलं असतं: एखादी खराब क्लिप, जड इफेक्ट, बिघडलेला फॉन्ट. जागा बदलते पण सुरू केल्यापासूनचा वेळ साधारण तोच असतो, तेव्हा उष्णतेकडे किंवा भरत चाललेल्या डिस्ककडे पाहावं. आणि जागाही वेगळी, वेळही वेगळी असली, तर रॅम किंवा वीजपुरवठा. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण कुठला स्क्रू आधी सोडवायचा हे तो सांगतो. पुढे पाहून आणखी एक कळलं: पहिल्या खेपेला रेंडर 49 च्या पुढे 64 पर्यंत जाऊ शकलं, कारण तेव्हा डिनॉइज टाइमलाइनवर नव्हताच. दोन खेपांच्या मध्ये प्रोजेक्टच बदलला गेला आणि ही गोष्ट कुणी टिपून ठेवली नाही.

पहिला दोष: 49 टक्के

220 मिनिटांच्या 49 टक्के म्हणजे 1 तास 47-48 मिनिटं. तिथे टाइमलाइनवर नेमकी दीपोत्सवाची क्लिप होती. फिल्म घडली त्या क्रमाने लावलेली नव्हती, कीर्तनाच्या मध्यंतरात दीपोत्सव आणलेला होता. ही एकच क्लिप फोनवर फोरकेमध्ये घेतलेली, बाकी सगळं 1080 चं.

हिशेब करून पाहिला. फोरकेची एक फ्रेम म्हणजे 3840 गुणिले 2160, सुमारे 83 लाख पिक्सेल. इफेक्टच्या आतल्या गणितासाठी ती 32 बिटच्या चार चॅनलांत मांडली, तर एका फ्रेमला साधारण 133 एमबी लागतात. दाणे काढणारा इफेक्ट शेजारच्या फ्रेमशी तुलना करतो. मागच्या पाच, पुढच्या पाच आणि मधली एक अशा अकरा फ्रेम धरल्या, तर दीड जीबीच्या आसपास नुसत्या फ्रेमच झाल्या. मधल्या आकडेमोडीच्या प्रती वेगळ्या, रंगाचे इफेक्ट वेगळे, आणि कार्डावर मुळात 4 जीबी.

उपाय साधा होता. फिल्म 1080 मध्येच द्यायची असल्याने ती क्लिप आधी 1080 ला उतरवली, मग तिच्यावर डिनॉइज चालवला, त्याची वेगळी फाइल काढली आणि मूळ क्लिपच्या जागी ठेवली. फ्रेममागे 133 एमबीचे 33 झाले. फोनवरच्या क्लिपमध्ये फ्रेमचा वेगही कमीजास्त होत असतो, तोही याच पायरीत स्थिर 25 करून घेतला.

तुकड्यांनी काम पुढे नेणं

तोवर चार दिवस उरले होते. दुसरा दोष सापडलेला नव्हता, पण आता मी तुकड्यांना हात घातला. फिल्मचे दहा-दहा मिनिटांचे 22 तुकडे केले. ते थेट शेवटच्या एच.264 (नेहमीच्या दाबलेल्या व्हिडिओच्या प्रकारात) मध्ये न काढता डीएनएक्सएचडी या एडिटिंगच्या प्रकारात काढले, सेकंदाला 120 मेगाबिटच्या दर्जात. या प्रकारात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे तुकडे एकमेकांना चिकटवताना पुन्हा एन्कोड करावं लागत नाही. जागा मात्र खूप लागते: दहा मिनिटांना 9 जीबी, सगळे मिळून 198 जीबी. अण्णांच्या डिस्कवर 260 मोकळे होते, निभावलं.

आवाजाच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागते. एएसी या दाबलेल्या आवाजाच्या प्रकारात प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी बारीकशी भर पडते आणि सांध्यावर झटका ऐकू येऊ शकतो. भाषणात तो खपून जाईल. विठ्ठलनामाचा गजर रंगात आलेला असताना टाळ-मृदंगाच्या लयीत झटका बसला, तर मंडपातल्या प्रत्येक वारकऱ्याला कळेल. म्हणून आवाज दाबलेला न ठेवता पीसीएममध्येच ठेवला. तरीही शक्य तिथे अण्णांनी सांधे अभंग संपून निरूपण सुरू होतं तिथेच धरले. ते काम त्यांचंच, मला त्या जागा सापडल्या नसत्या.

एक तुकडा काढायला तेरा-चौदा मिनिटं लागत होती. बावीसपैकी दोन वेळा सॉफ्टवेअरची खिडकीच नाहीशी झाली. तेवढेच तुकडे पुन्हा काढले. पाच तास जायचे तिथे दर खेपेला पाव तास गेला.

दुसरा दोष: रॅम

त्या रात्री पेनड्राइव्हवर मेमटेस्ट86 हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम टाकून मशीन त्यावरून सुरू केलं. फुकटच्या आवृत्तीत चार फेऱ्या होतात. पहिली फेरी स्वच्छ गेली. तिथेच थांबलो असतो तर रॅम निर्दोष ठरवून मोकळे झालो असतो. सकाळी पाहिलं तर दुसऱ्या फेरीत तीन आणि तिसऱ्या फेरीत पाच चुका होत्या, स्क्रीनवर लाल ओळी.

बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवायचं सेटिंग, चालू होतं, म्हणजे चारही स्टिक 3200 ने पळत होत्या. पाकिटावर 3200 लिहिलेलं खरं, पण ती हमी त्या स्टिकची असते. चार स्टिक एकत्र सांभाळायचं काम प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरचं. या पिढीच्या रायझनसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकना 3200 ची आहे. चार स्टिक लावल्या तर ती 2933 वर येते, आणि त्या ड्युअल रँकच्या (एका स्टिकवर चिपचे दोन संच असलेल्या) असतील तर 2667 वर. जानेवारीत रॅम वाढवली तेव्हा हे कुणी पाहिलं नाही, कारण मशीन सुरू झालं आणि हायलाइट्स निघाले.

घरगुती मशीनच्या रॅममध्ये चूक पकडायची सोय सहसा नसते. कुठेतरी एक बिट उलटला आणि तो चित्रातल्या एखाद्या पिक्सेलचा असला, तर काहीच कळत नाही. तोच बिट विंडोजच्या स्वतःच्या हिशेबातला असला, तर निळा स्क्रीन. दहा मिनिटांच्या कामात असा प्रसंग यायची शक्यता थोडी, पाच तासांच्या कामात कितीतरी जास्त. म्हणून लग्नं सुटली आणि सप्ताह अडकला.

वेग 2666 वर उतरवला आणि मेमटेस्ट पुन्हा लावला. संध्याकाळी चार फेऱ्या पूर्ण, चुका शून्य. त्या रात्री बावीस तुकडे एफएफएमपेग या व्हिडिओच्या फुकट प्रोग्रॅमने जोडले आणि त्यातून सेकंदाला 12 मेगाबिटची एच.264 फाइल करायला लावली. सकाळी ती तयार होती.

शेवट काय झाला

दोन दिवस हातात होते. अण्णांच्या सूनबाईंनी दुप्पट वेगाने सगळी फिल्म पाहिली, एक तास पन्नास मिनिटं जागेवरून न हलता. चौदाव्या तुकड्यात बुवांच्या फेट्याशेजारी एका फ्रेमपुरता हिरवा चौकोन चमकला, तो त्यांनीच पकडला. तुकडा रॅमचा वेग उतरवण्याआधी काढलेला होता. तेवढा एक पुन्हा काढून फाइल नव्याने जोडली.

मंदिरात द्यायला पेनड्राइव्ह घातला तर कॉपी होईना. अण्णांचा चेहरा पडला, पुन्हा मशीनच बिघडलं असं त्यांना वाटलं. पेनड्राइव्ह फॅट32 मध्ये फॉरमॅट केलेला होता. त्यात 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही आणि आमची 20 जीबीची होती. मोठ्या फाइली मावणारा एक्सफॅट प्रकार सभामंडपातला टीव्ही वाचत नव्हता, म्हणून फिल्म लॅपटॉपवरून एचडीएमआयने दाखवली.

पुढच्या महिन्यात अण्णांनी जोड्या आलटून पालटून तपासल्या. जुनी जोडी एकटी 3200 वर स्वच्छ, नवी जोडी एकटी 3200 वर स्वच्छ. एकही स्टिक खराब नव्हती, चारांचा मेळ त्या वेगाला बसत नव्हता एवढंच. 32 जीबी 2666 वर ठेवायची की 16 जीबी 3200 वर, यात त्यांनी पहिलं निवडलं. लांब प्रोजेक्टला रॅमची जागा जास्त लागते, आणि पाच तासांच्या रेंडरमध्ये फरक दहा मिनिटांचा पडला.

वेगळं काय करता आलं असतं

कर्नल-पॉवर 41 ही नोंद फक्त एवढंच सांगते, की मशीन रीतसर बंद झालं नाही. पण तिच्या तपशिलात बगचेक कोड नावाची एक ओळ असते. वीज अचानक गेली असेल तर तिथे शून्य असतं. निळा स्क्रीन आला असेल तर सहसा त्याचा क्रमांक असतो, दशमान पद्धतीत. 22 टक्क्यांच्या खेपेची नोंद मी चौथ्या पडझडीनंतर उघडली. तिथे 26 होते, आणि मेमरी मॅनेजमेंटचा क्रमांक तोच आहे. ही ओळ दुकानात पाहिली असती तर साडेतीन हजार वाचले असते. मी पोचल्या पोचल्या पाहिली असती तर पंख्याची चाचणी लावण्याआधी मेमटेस्ट लावला असता.

फॉरमॅटबद्दल माझं मत आता पक्कं आहे. त्याने बायोसला हात लागत नाही, म्हणून रॅमचा वेग होता तोच राहिला. उलट पहिल्या खेपेचा पुरावा, इव्हेंटच्या नोंदी आणि मिनीडंपची (निळ्या स्क्रीनच्या वेळी विंडोज साठवतं ती) फाइल, पुसला गेला. दीड दिवस गेला तो वेगळाच. मशीन लांब कामात पडतं म्हणून फॉरमॅट मारायची वेळ आलीच, तर आधी त्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात.

एक प्रश्न फिल्म झाल्यावर उभा राहिला आणि मला तो सगळ्यात जड वाटला. जानेवारी ते एप्रिल या काळात अण्णांनी जे फुटेज कार्डावरून डिस्कवर उतरवलं, ते सगळं याच रॅममधून गेलं होतं आणि कार्डं पुसून पुन्हा वापरली गेली होती. लोकांची लग्नं होती ती. एफएफएमपेगला प्रत्येक फाइल पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत उलगडायला लावून फक्त चुका नोंदवून घेतल्या. चौदा लग्नांच्या फाइली तपासायला तीन रात्री लागल्या. एका हळदीच्या क्लिपमध्ये दोन सेकंद खराब निघाले. अण्णांनी त्या घरी फोन करून सांगितलं आणि दुसऱ्या कॅमेऱ्यातला तोच क्षण त्या जागी लावून दिला.